पॉलिश, कनकी, चुरी, डीडीजीएस: कोंबडीच्या खाद्यात काय चालतं, किती चालतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर जिल्ह्यातल्या मौदा, रामटेक, कुही, उमरेड या पट्ट्यातल्या शेडवाल्यांचे फोन धानाचा हंगाम लागला की सुरू होतात. पहिलं वाक्य बहुतेक एकच: "भाऊ, पॉलिश सस्ती भेटून राहिली, किती टाकू?" माझाही उलट प्रश्न ठरलेला आहे, "कुठली पॉलिश?" राईस मिल, डाळ मिल, पोहा मिल, इथेनॉल कारखाना, कुठूनही निघालेला जोडमाल घ्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून इथे "किती टाकू"च्या आधी "काय आहे"ची उत्तरं जास्त सापडतील.

मका आणि सोयापेंड मिळते आहे, मग या भानगडीत पडायचंच कशाला?

भावामुळे. कुक्कुटपालनात एकूण खर्चाच्या ६५ ते ७० टक्के पैसा खाद्यात जातो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं आणि त्यासाठी मका मोठ्या प्रमाणावर कारखान्यांकडे वळला. आता त्याच मक्यासाठी कोंबडी आणि गाडी अशी दोघं रांगेत आहेत. दुसरीकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि आपल्याच जिल्ह्याचा पूर्व भाग हा धानाचा मुलूख. १०० किलो धान भरडलं की साधारण २० किलो तूस आणि ८ किलोच्या आसपास कोंडा-पॉलिश निघते, शिवाय कनकी वेगळी. माल दाराशी आहे, वाहतूक कमी आहे.

पण बचतीचा आकडा डोळे उघडे ठेवून बघा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते. हजार कोंबड्यांना ११० किलो. खाद्य किलोमागे १ रुपयाने स्वस्त पडलं तर दिवसाला ११० रुपये वाचले, वर्षाला चाळीस हजार. आता त्याच हजार कोंबड्यांची अंडी फक्त २ टक्क्यांनी घटली असं धरा. रोज २० अंडी कमी, अंड्याला ५ रुपये धरले तर १०० रुपये गेले. जवळपास सगळी बचत एवढ्याशा घटीत संपते, आणि २ टक्क्यांची घट वहीत लिहून ठेवल्याशिवाय कुणाच्या लक्षातही येत नाही.

मिलवाला सगळ्याला 'कोंडा'च म्हणतो. नेमकं काय काय असतं?

धानाचं सर्वांत बाहेरचं टरफल म्हणजे तूस, कुणी भुसा म्हणतं. त्यात कोंबडीच्या कामाचं काहीच नाही. ते लिटरला, म्हणजे शेडमध्ये कोंबड्यांच्या पायाखाली पसरायचं, खाद्यात नाही. तूस काढल्यावर तांदळावर जो तपकिरी थर राहतो तो घासून निघतो, तो कोंडा, आणि शेवटच्या घासणीची बारीक, मऊ, तेलकट भुकटी म्हणजे पॉलिश. व्यवहारात दोन्ही एकत्रच येतात. त्यातलं तेल कारखान्यात काढून घेतलं की उरतो तो डीओआरबी. तुटलेला दाणा म्हणजे कनकी.

गावातल्या जुन्या हलरवर तूस आणि कोंडा एकदमच निघतो, वेगळा होतच नाही. हा हलरचा कोंडा गाई-म्हशीला चालून जाईल, कोंबडीला नको. नवीन शेलर मिलमधून येणारी पॉलिश हीच आपल्या कामाची. तेव्हा पहिला प्रश्न भावाचा विचारू नका, मशीन कोणतं आहे ते विचारा.

कळमन्याच्या बाजारात किंवा मिलवर उभ्या उभ्या माल कसा पारखायचा?

गाडीच्या मागच्या फळीजवळचा एक कट्टा उघडून दाखवतात आणि तोच नेमका चांगला असतो. तो बघून मान डोलवू नका. परखी घ्या, कट्ट्यात खुपसायची ती पोकळ सळई, आणि वरच्या, मधल्या, खालच्या थरातले किमान दहा-बारा कट्टे टोचा. सगळं एका घमेल्यात एकत्र करा, ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकीचे परत टाका. असं दोन-तीनदा केलं की हातात अर्धा किलो राहतो तो खरा नमुना.

मग मूठ आवळा. चांगली ताजी पॉलिश मुठीत लाडवासारखी क्षणभर धरून राहते आणि बोट लावताच फुटते. तळव्याला किंचित तेलकटपणा लागतो. तूस मिसळलेली असेल तर मूठ उघडताच भुसभुशीत गळून जाते आणि तळव्याला टोचते. चिमूटभर जिभेवर ठेवा: गोडसर लागली पाहिजे. कडवट, घशात खवखवणारी असेल तर नासलेली आहे. दाताखाली कच्च लागलं तर वाळू.

काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर टाका, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. तूस वर येतं, वाळू तळाला बसते. सुपात पाखडलं तरी तूस वेगळं होतं, घरातल्या बायकांना हे आपल्यापेक्षा चांगलं जमतं. मात्र तूस पिठासारखं दळून मिसळलं असेल तर या सगळ्या युक्त्या फसतात. तिथे प्रयोगशाळाच हवी.

युरिया मिसळतात म्हणे. खरं का, आणि का?

मिसळणारे असतात, आणि कारण रसायनाचं आहे. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही. नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. युरियात ४६ टक्के नत्र. म्हणजे कागदावर युरियाचं 'प्रथिन' होतं २८७ टक्के! शंभर किलो मालात एक किलो युरिया टाकला की अहवालातलं प्रथिन जवळपास ३ टक्क्यांनी चढतं. गाईच्या पोटातले जंतू त्या नत्राचं थोडंफार काही करतात, कोंबडीला त्याचा उपयोग शून्य.

घरगुती चाचणी सोपी आहे. कोमट पाण्यात दोन चमचे नमुना आणि एक चमचा कच्च्या सोयाबीनचं पीठ टाकून बाटलीचं झाकण घट्ट लावा. अर्ध्या तासाने उघडून वास घ्या. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज युरिया फोडतं आणि अमोनिया सुटतो. ओल्या लिटरच्या शेडमध्ये डोळे चुरचुरतात तो वास तुम्हाला शिकवायला नको. सोबत सोयाबीनचं पीठ आणि पाणी एवढंच घातलेली दुसरी बाटली ठेवा, म्हणजे तुलना होते. डीडीजीएस (इथेनॉल काढून उरलेला, वाळवलेला धान्याचा चोथा) आणि डीओआरबी घेताना ही चाचणी मी कधीच टाळत नाही.

प्रयोगशाळेत काय काय तपासायला सांगू?

ओलावा, कच्चं प्रथिन, स्निग्धांश, तंतू, आणि आम्लात न विरघळणारी राख. पॉलिशसाठी हे पाच पुरेत. शेवटची चाचणी लोक पैसे वाचवायला सोडतात, आणि चोरी सापडते नेमकी तिथेच. तुसात राखेचं प्रमाण १५ ते २० टक्के आणि ती जवळपास सगळी सिलिका. त्यामुळे पॉलिशमध्ये तूस किंवा वाळू आली की हा आकडा उडी मारतो.

चांगल्या तेलयुक्त पॉलिशमध्ये प्रथिन १२ ते १४ टक्के, स्निग्धांश १२ ते १६ टक्के असायला हवा. स्निग्धांश ८ आणि तंतू १५ आला तर पिशवीवर काहीही लिहिलेलं असो, ती पॉलिश नाही. डीडीजीएस आणि मक्याच्या जोडमालासाठी या यादीत अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची चाचणी वाढवा.

सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयात पशुपोषण विभाग आहे. नमुना कधी, कसा आणायचा ते आधी फोनवर विचारून जा. खासगी प्रयोगशाळाही आहेत. माझा एकच आग्रह: नमुना विकणाऱ्याने पाठवलेला नको, तुम्ही काढलेला हवा.

भाव परवडतो की नाही, हे कसं ठरवायचं?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो सर्वांत कमी लोक विचारतात.

कोंबडीला आपण मका देत नाही, ऊर्जा देतो. सोयापेंड देत नाही, प्रथिन देतो. मग मका आणि सोयापेंडीच्या आजच्या भावावरून ऊर्जेचा आणि प्रथिनाचा भाव काढा आणि त्या फूटपट्टीने नवीन माल मोजा. हिशेबापुरते मका २४ रुपये आणि सोयापेंड ४२ रुपये किलो धरू. मक्याच्या किलोत ३,३५० किलोकॅलरी आणि ८५ ग्रॅम प्रथिन, सोयापेंडीत सुमारे २,३०० किलोकॅलरी आणि ४५० ग्रॅम प्रथिन. दोन समीकरणं सोडवली की हजार किलोकॅलरीला साडेपाच रुपये आणि १०० ग्रॅम प्रथिनाला साडेसहा रुपये येतात. दहावीचं गणित आहे, घरातल्या पोराला बसवा.

आता चांगली पॉलिश घ्या: २,८०० किलोकॅलरी, १३० ग्रॅम प्रथिन. ऊर्जेचे १५.४०, प्रथिनाचे ८.४५, एकूण २३.८५ रुपये. बाजारात ती २० ला मिळत असेल तर किलोमागे जवळपास चार रुपये फायदा. तूस मिसळलेल्या 'पॉलिश'मध्ये मात्र ऊर्जा २,००० आणि प्रथिन ९० ग्रॅमवर येतं. तिची किंमत निघते १६.८५ रुपये. तीही वीसलाच मिळते आहे, तीही 'स्वस्त'च म्हणून विकली जाते, आणि किलोमागे तीन रुपये तुमच्या खिशातून जातात. कट्टा तोच, भाव तोच.

ही फूटपट्टी लायसिन (प्रथिनातला कोंबडीला लागणारा एक घटक) बघत नाही आणि तंतूही बघत नाही. त्यामुळे डीओआरबी आणि डीडीजीएस तिच्यावर आहेत त्यापेक्षा भारी दिसतात. तेवढं मनात धरूनच वापरा.

अरवा (न उकडलेल्या) तांदळाची पॉलिश घ्यावी की उसन्याची (उकडलेल्याची)?

टिकाऊपणासाठी उसन्याची. धान उकडताना कोंड्यातलं लायपेज हे विकर मरतं, आणि तेल नासवायला सुरुवात तेच करतं. शिवाय उसन्याच्या कोंड्यात तेलाचं प्रमाणही जास्त निघतं. पूर्व विदर्भात दोन्ही प्रकारची भरडाई चालते, म्हणून मिलवर विचारलं की उत्तर मिळतं. उसन्याचा कोंडा जरा गडद दिसतो, ते जळकं समजून नाकारू नका.

पोहा मिलचा कोंडाही असाच भाजलेल्या धानाचा असतो. तर्री-पोह्याच्या शहरात त्याचा तुटवडा नाही. फक्त भट्टीची वाळू त्यात येते का, ते दाताखाली आणि राखेत तपासा.

पॉलिश किती दिवस टिकते?

अरवा पॉलिश पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात आठवडाभर, थंडीत फार तर दोन आठवडे. मी याहून जास्त कुणाला सांगत नाही, आणि त्याला कारण माझीच एक चूक आहे.

सुरुवातीच्या वर्षांत एका एप्रिलमध्ये भाव बरा वाटला म्हणून मी चाळीस कट्टे एकदम उचलले आणि पत्र्याच्या शेडखाली रचले. तपासणीचा अहवाल उत्तम होता. तिसऱ्या आठवड्यात कोंबड्या खाद्य चोचीने बाजूला सारू लागल्या. मी पाणी बघितलं, नळ्या बघितल्या, लसीची तारीख बघितली. शेवटी मधल्या थरातला कट्टा उघडला तेव्हा हात आत घालवेना एवढा गरम, आणि वास जुन्या तेलात तळलेल्या वड्याचा. अंडी आठ दिवस घसरत राहिली आणि वर यायला महिना लागला. अहवाल खोटा नव्हता, तो तीन आठवड्यांपूर्वीच्या मालाचा होता.

घडतं असं: भरडाई होताच लायपेज तेलापासून स्निग्धाम्लं मोकळी करू लागतं, ती दररोज चढत जातात. एवढ्याने कोंबडी मरत नाही. पण पुढे हवेतल्या ऑक्सिजनने त्यांचं ऑक्सिडेशन होतं, खवट वास येतो आणि खाद्यातलं जीवनसत्त्व ई नष्ट होतं. लहान पिलांमध्ये त्यामुळे मान वाकडी होणं, तोल जाणं असली मेंदूची लक्षणं दिसतात. बीएचटीसारखं अँटिऑक्सिडंट ऑक्सिडेशन थोपवतं, लायपेज नाही. म्हणून ते माल आला त्याच दिवशी मिसळलं तर उपयोग, वास आल्यावर नाही.

किती टक्के टाकू?

अंड्यावरच्या कोंबडीला चांगली ताजी पॉलिश १५ टक्क्यांपर्यंत. ब्रॉयलरला पहिले दहा दिवस अजिबात नाही, पुढे ५ ते १०. एकदम नाही, पाच-सात दिवसांत चढवत. आणि पॉलिश टाकली की बाकीचं सूत्र नव्याने बसवावं लागतं. मक्याच्या जागी किलोला किलो बदलून भागत नाही. भारतीय मानक आयएस १३७४ नुसार ब्रॉयलर स्टार्टरला २२ टक्के प्रथिन आणि ३,१०० किलोकॅलरी हवी, फिनिशरला २० टक्के आणि ३,२००. अंडी देणाऱ्या कोंबडीला पहिल्या टप्प्यात १८ टक्के आणि २,६०० पुरते. म्हणूनच जोडमालाला लेयरच्या खाद्यात जागा जास्त आणि ब्रॉयलरच्या खाद्यात कमी.

एक जमेची बाजू: पॉलिशच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, त्याने अंड्याचं वजन वाढायला मदत होते. कोवळ्या लेयरची बारीक अंडी विकताना हे कामाला येतं.

कनकी पूर्ण मक्याऐवजी चालेल?

ऊर्जेच्या दृष्टीने चालते, मक्याच्या बरोबरीची आहे, तंतू जवळपास नाही, पिलांना उत्तम पचते. गोंधळ रंगाचा. मक्यातला पिवळा रंग कनकीत नाही, त्यामुळे बलक पांढुरका पडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं अंडं शिळं आहे. निम्म्यापर्यंत बदल केला तर फारसं कळत नाही. पुढे जायचं तर मक्याचं ग्लुटेन किंवा झेंडूच्या पाकळ्यांची भुकटी लागेल. दसरा-दिवाळीनंतर झेंडूचा ढीग उकिरड्यावर जातो तेव्हा मला हळहळ वाटते, पण बाजारातल्या फुलांवर काय फवारलंय ते माहीत नसतं, म्हणून उचलत नाही. भिवापुरी मिरचीनेही बलक लालसर होतो, आणि गंमत म्हणजे कोंबडीला मिरची तिखट लागत नाही.

डीओआरबी?

प्रथिन १४ ते १६ टक्के, तेल जवळपास नाही, त्यामुळे नासत नाही. हाच त्याचा मोठा गुण. पण ऊर्जा कमी आणि तंतू जास्त. लेयरला १० टक्क्यांपर्यंत, वाढीच्या तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) थोडा जास्त, ब्रॉयलरला मी देत नाही. भाव सरकारी निर्णयावर हलतो: जुलै २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. असा काही निर्णय आला की आठवड्यात दर बदलतो, म्हणून जुन्या दराच्या सूत्राला चिकटून राहू नका.

डीडीजीएस सोयापेंडीइतकंच प्रथिन देतं आणि स्वस्त आहे. मग सोयापेंड बंद करू?

नको. इथे बहुतेक जण फसतात.

इथेनॉल कारखान्यात दाण्यातला स्टार्च आंबवून काढून घेतात, उरतं ते वाळवलं की डीडीजीएस. स्टार्च गेल्यामुळे बाकीचं सगळं घट्ट होतं. मक्यात ९ टक्के असलेलं प्रथिन २७ च्या आसपास जातं. तांदळात स्टार्च आणखी जास्त, म्हणून तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिन ४० ते ४५ टक्के दिसतं. पण हे धान्याचं प्रथिन आहे. सोयापेंडीत लायसिन २.८ टक्क्यांच्या आसपास असतं, तांदळाच्या डीडीजीएसमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात सुकवताना भट्टी जास्त तापली तर उरलेलं लायसिन साखरेशी जखडतं. अहवालात ते दिसतं, कोंबडीला मिळत नाही.

म्हणून रंग बघा. सोनेरी ते फिकट तपकिरी हवा, गोडसर आंबूस वास हवा. कॉफीसारखा गडद, जळका वास असेल तर परत पाठवा. ब्रॉयलरला सुरुवातीला नको, नंतर ५ टक्के. लेयरला ८ ते १०. सोबत बाहेरून लायसिन द्यायचंच, आणि त्याचा खर्च भावात धरायचा.

आणखी एक. प्रथिन तिपटीने घट्ट होतं तसं बुरशीचं विषही होतं. मक्यात जेवढं अफ्लाटॉक्सिन होतं त्याच्या जवळपास तिप्पट डीडीजीएसमध्ये येतं. माणसाने नाकारलेला मका कारखान्यात जातो, हे विसरू नका.

अफ्लाटॉक्सिनला बाइंडर टाकला की झालं ना?

नाही. मातीचे बाइंडर अफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी धरतात, बाकीच्या बुरशीच्या विषांवर त्यांचा भरवसा नाही. तयार खाद्यात २० पीपीबी (अब्ज भागांत २० भाग) ही मानकाची मर्यादा आहे आणि ओलावा ११ टक्क्यांच्या आत. बाइंडर हा छत्रीसारखा आहे, गळक्या गोदामाचं छप्पर नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये कट्टे भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा, आधी आलेला आधी वापरा.

डाळ मिलची तूर चुरी, चणा चुरी कशी?

लेयरला ५ टक्के, बरी. टरफल किती आणि डाळीचा चुरा किती यावर सगळं अवलंबून, आणि ते दर मिलचं, दर दिवसाचं वेगळं. कच्च्या डाळीत ट्रिप्सिन रोखणारे घटक असतात, म्हणून पिलांना नको.

पूर्व विदर्भात एक खास काळजी घ्यायची ती लाखोळी या कडधान्याची. धानाच्या बांधीत लाखोळी पेरायची आपल्याकडे जुनी रीत, आणि तिची चुरी चण्याच्या चुरीत सहज मिसळून जाते. तिच्यात मज्जासंस्थेला बाधणारा ओडॅप नावाचा घटक असतो. तिचा दाणा चपटा, पाचरीसारखा, कोन असलेला. चुरीत मोठे तुकडे शोधा, चण्याचा तुकडा गोलसर दिसतो. शंका आली तर तो लॉट सोडा.

गव्हाचा चोकर?

महाग, हलका, ऊर्जा कमी. तलंगांचं वजन आवरायला ५ ते ८ टक्के ठीक. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही.

सरकी ढेप, जवसाची ढेप?

ही धान्याची नाहीत, पण विदर्भात हा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. सरकी ढेपेत गॉसिपॉल असतं, त्याने साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो, आणि ढेपेतल्या तेलाने पांढरा भाग गुलाबी पडतो. लेयरला नको. जवसाची ढेप पिलांना नको. दोन्ही गोठ्यात द्या.

शेव-चिवड्याचा किंवा बिस्किटांचा टाकाऊ माल मिळतो, देऊ का?

बिस्किटांचा चुरा थोडा चालतो. शेव-चिवड्यात मीठ आणि पुन्हा पुन्हा तापलेलं तेल, दोन्ही वाईट. मीठ वाढलं की कोंबडी पाणी जास्त पिते, विष्ठा पातळ होते, लिटर ओलं होतं आणि मग तुम्ही मला जुलाबाचं औषध विचारता. द्यायचाच असेल तर सूत्रातलं मीठ आधी तेवढं कमी करा.

एन्झाइम टाकल्यावर जास्त टक्के चालतात का?

थोडे. पॉलिशमध्ये स्फुरद दीड टक्क्याच्या आसपास असतं, पण त्याचा मोठा भाग फायटेट या कोंबडीला न पचणाऱ्या रूपात अडकलेला. फायटेज टाकलं की त्यातला काही सुटतो आणि डीसीपी (स्फुरदासाठी टाकायचं डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी लागतं. हा फायदा पक्का आहे. झायलानेजने कोंड्यातले न पचणारे तंतू थोडे मोडतात. पण तूस पचवणारं एन्झाइम अजून कुणी विकलेलं नाही, विक्रेता काहीही म्हणो.

नागपूरच्या उन्हाळ्यात काय बदलायचं?

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कोंबडी धापते आणि कमी खाते. कमी खाणाऱ्या कोंबडीला तंतूने भरलेलं, भरपूर जागा घेणारं खाद्य देणं म्हणजे तिला उपाशी ठेवणं. एप्रिल ते जूनमध्ये डीओआरबी आणि चोकर जवळपास बंद करा. तेलातून मिळणारी ऊर्जा पचवताना शरीरात उष्णता कमी तयार होते, म्हणून ताजी तेलयुक्त पॉलिश सैद्धांतिकदृष्ट्या उन्हाळ्याला चांगली, पण नेमकी उन्हाळ्यातच ती लवकर नासते. त्यामुळे आठवड्याला दोनदा गाडी लावता येत असेल तरच. खाद्य पहाटे पाचला आणि दिवेलागणीला द्या, दुपारी गव्हाण रिकामी राहिली तरी बिघडत नाही.

माझ्याच शेडवर चाचणी घ्यायची आहे. कशी घेऊ?

आनंद आहे! पण "मागच्या बॅचला पॉलिश नव्हती, या बॅचला होती, वजन बरं आलं" ही चाचणी नव्हे. मागची बॅच मेची, ही ऑगस्टची. पिलं वेगळी, हवा वेगळी.

एकाच हॅचरीची, एकाच दिवशी आलेली २४० पिलं घ्या. जाळीने वीस-वीस पिलांचे बारा कप्पे करा. तीन खाद्यं: तुमचं नेहमीचं, ५ टक्के पॉलिशचं, १० टक्क्यांचं. प्रत्येक खाद्य चार कप्प्यांना. कोणत्या कप्प्याला कोणतं हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर हात आपोआप पंख्याजवळचे कप्पे आवडत्या खाद्याला देतो. तिन्ही खाद्यांत ऊर्जा, प्रथिन, लायसिन सारखं बसवा. हे केलं नाही तर तुम्ही पॉलिश तपासत नाही, कमी प्रथिनाचं खाद्य तपासता.

दर आठवड्याला कप्प्याचं एकत्र वजन, दिलेलं खाद्य, उरलेलं खाद्य, मर. मेलेल्या पिलाचंही वजन करून लिहा. त्याने खाल्लेलं खाद्य कुठेतरी धरावं लागतंच. चार कप्प्यांचे आकडे आपसातच खूप फिरत असतील तर दोन खाद्यांमधल्या छोट्या फरकावर विश्वास ठेवू नका.

शेवटी बघायचं ते खाद्याचा भाव नाही, किलोभर जिवंत वजनाला पडलेला खाद्यखर्च. ३८ रुपयांचं खाद्य आणि एफसीआर (किलोभर वजनाला लागलेलं खाद्य, किलोत) १.६५ असेल तर ६२.७० रुपये. ३६.५० रुपयांचं 'स्वस्त' खाद्य आणि एफसीआर १.७५ असेल तर ६३.८८. दीड रुपया वाचवून सव्वा रुपया घालवला.

विद्यापीठांत याच्या पुढे जाऊन खाल्लेल्या खाद्याची आणि विष्ठेची ऊर्जा मोजतात, त्या वजाबाकीतून चयापचयी ऊर्जा निघते. ते तुमच्या शेडवर होणार नाही, होण्याची गरजही नाही.

परसात पंधरा गावरान कोंबड्या आहेत. त्यांना हे सगळं लागू आहे?

जवळपास काहीच नाही. त्या दिवसभर किडे, गवत, सांडलेलं धान खातात. संध्याकाळी कनकी आणि मूठभर ताजी पॉलिश पाण्यात कालवून द्या, कालवलेलं सकाळपर्यंत ठेवू नका. अंड्यावर असतील तर एका कोपऱ्यात शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढा त्या स्वतः टिपतात.